चेक इंजिनचा दिवा ब्लिंक होतोय? कोड वाचा, पण लगेच पार्ट बदलू नका

मीटरमधला इंजिनाच्या आकाराचा तो पिवळा दिवा दोन प्रकारे लागतो. स्थिर लागला तर काहीतरी बिघडलंय, पण सहसा गाडी गॅरेजपर्यंत नेता येते. ब्लिंक व्हायला लागला तर मात्र प्रकरण वेगळं आहे. पेट्रोल किंवा सीएनजी गाडीत त्याचा अर्थ जवळजवळ नेहमी एकच असतो: इंजिन आत्ता, या क्षणी इतकं मिसफायर करतंय की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळू शकतो. आपले मेकॅनिक यालाच 'गाडी मिसिंग मारतेय' म्हणतात. गाडी थरथरते, पिकअप जातो, कधी सायलेन्सरमधून कच्च्या पेट्रोलचा वास येतो.

होतं काय, की एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल तर जातं, पण ते पेटतच नाही. ते तसंच बाहेर पडतं आणि कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं. तिथलं तापमान प्रमाणाबाहेर वाढलं की आतली मधाच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी वितळायला लागते. कंपनीचा नवा कन्व्हर्टर बऱ्याच गाड्यांना काही दहा हजारांत पडतो. म्हणून अ‍ॅक्सिलरेटर सोडा, गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा. वाळक्या गवतावर उभी करू नका, कारण खालचा भाग प्रचंड तापलेला असतो. टोइंगचा खर्च कन्व्हर्टरपुढे काहीच नाही. आणि हो, ब्लिंक थांबून दिवा स्थिर झाला म्हणजे गाडी बरी झाली असं नाही. बऱ्याचदा इंजिनावरचा लोड कमी झालेला असतो, एवढंच. पुढच्या चढाला तो परत ब्लिंक होईल.

इंजिनाच्या कॉम्प्युटरला, म्हणजे ईसीयूला, हे कळतं कसं? मला स्वतःला हा भाग सगळ्यात भारी वाटतो. तो स्पार्क बघत नाही. तो फक्त क्रँकशाफ्टचा वेग मोजतो. चार सिलिंडरचं इंजिन ३००० आरपीएमवर असताना सेकंदाला १०० वेळा क्रँकला धक्का बसतो. त्यातला एक धक्का चुकला की क्रँक किंचित मंदावतो, सेन्सर ते टिपतो आणि कोणत्या सिलिंडरची पाळी होती हे ईसीयू हिशोबाने ठरवतो.

म्हणजे ईसीयूला 'धक्का बसला नाही' एवढंच माहीत असतं. का बसला नाही, हे माहीत नसतं. कोड वाचताना नेमकी इथेच गल्लत होते.

कोड वाचणं सोपं आहे. आपल्याकडच्या बीएस६ गाड्यांमध्ये आणि २०१३ नंतरच्या बहुतेक बीएस४ गाड्यांमध्ये स्टेअरिंगखाली १६ पिनांचा ओबीडी पोर्ट असतो. ऑनलाइन मिळणारा साधा ब्लूटूथ अ‍ॅडॉप्टर तिथे लावा आणि फोनवर अ‍ॅप उघडा. पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी०३०२ म्हणजे दुसरा, असं पुढे. पी०३०० आला तर मिसफायर एका सिलिंडरपुरता नाही. तिथे पेट्रोलचं प्रेशर, हवेची गळती अशा सगळ्यांना लागू होणाऱ्या गोष्टी आधी बघायच्या. कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेमचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. बिघाडाच्या क्षणी आरपीएम, लोड, तापमान किती होतं ते त्यात असतं, आणि कोड पुसला की तेही जातं.

बाबांच्या गाडीचा दिवा खंबाटकी घाट चढताना ब्लिंक झाला. कोड होता पी०३०२. गॅरेजवाल्याने तो बघितला आणि सांगितलं, चारही इंजेक्टर बदलावे लागतील, पंचवीस हजार. पण पी०३०२ मध्ये इंजेक्टरचं नावही नाही! दोष कॉइलचा, प्लगचा, इंजेक्टरचा किंवा कॉम्प्रेशनचा, कशाचाही असू शकतो.

मग आम्ही अदलाबदल केली. इंजिन थंड असताना, इग्निशन बंद ठेवून दुसऱ्या सिलिंडरची कॉइल चौथ्यावर लावली आणि चौथ्याची दुसऱ्यावर. बाकी कशालाही हात लावला नाही. (दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशामुळे फरक पडला ते कळत नाही, कोडमध्येही आणि गाडीतही.) कोड पुसला, जागेवरच इंजिन चालू केलं. थोड्या वेळाने पी०३०४ आला. दोष कॉइलसोबत सरकला, म्हणजे कॉइल खराब. नवी कॉइल अडीच हजाराला मिळाली. जुन्या प्लगांचा गॅपही वाढला होता. गॅप वाढला की ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं आणि कॉइलवर ताण येतो, म्हणून चारही प्लग नवे टाकले.

कोड दुसऱ्यावरच राहिला असता तर मग प्लगची अदलाबदल, त्यानंतर इंजेक्टर, आणि शेवटी कॉम्प्रेशन टेस्ट. इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन मात्र मेकॅनिककडेच करून घ्या, पेट्रोलच्या लाइनशी घरी खेळ नको. कॉइल काढताना कनेक्टरचं प्लॅस्टिकचं लॉक जपा, उन्हापाण्यात आणि उष्णतेत ते ठिसूळ झालेलं असतं. प्लगच्या खड्ड्यात पाणी किंवा ऑइल दिसलं तर तेच कारण असू शकतं. इंजिन प्रेशरने धुतल्यावर हे बऱ्याचदा होतं.

ही युक्ती प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असेल तरच चालते. काही गाड्यांत दोन सिलिंडरना मिळून एक कॉइल असते. तिथे पी०३०१ आणि पी०३०४ जोडीने आले की संशय थेट त्या सामाईक कॉइलवर. सीएनजीवाल्यांनी आणखी एक बघावं: गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. त्यामुळे सीएनजीवर मिसिंग आणि पेट्रोलवर ठीक, असं असेल तर गॅस किटला दोष देण्याआधी प्लग आणि कॉइल तपासा.

दुरुस्तीनंतर आठवडाभर गाडी चालवून पुन्हा स्कॅन करा. पी०४२० दिसला तर कन्व्हर्टर नीट काम करत नाहीये अशी शंका ईसीयूला आली आहे. त्यावरही लगेच नवा कन्व्हर्टर घेऊ नका. सायलेन्सरच्या पाइपला कुठे लीक आहे का आणि मागचा ऑक्सिजन सेन्सर ठीक आहे का, ते आधी तपासून घ्या.