किल्ला राखला, गिरण्या गेल्या

नळदुर्ग किल्ल्यातला पाणीमहाल १६१३ सालचा. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बोरी नदी अडवून बांधलेला. पावसाळ्यात नर-मादी धबधबे बघायला आजही झुंबड उडते. किल्ला सांभाळला गेला, याचा आनंदच आहे. पण इथून सुमारे ४५ किलोमीटरवरच्या सोलापुरात कामगारांनी जो इतिहास घडवला, त्याच्या वास्तूंचं आपण काय केलं?

सोलापूरची जुनी गिरणी १८७७ मध्ये सुरू झाली. मग १८९८ ला लक्ष्मी, १९०८ ला विष्णू. दुष्काळानं पिचलेली खेड्यापाड्यांतली माणसं साच्यावर उभी राहिली. पाळी सुटली की गेटवरच सभा भरे. वेगळ्या सभागृहाची ऐपत कुणाची होती? मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेची बातमी आली आणि गिरणी कामगार रस्त्यावर उतरले. ८ तारखेला गोळीबार झाला, १२ तारखेला मार्शल लॉ पुकारला गेला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कामगारांत वावरणारे कुर्बान हुसेन यांना या प्रकरणात १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली. त्यांचे पुतळे चौकात आहेत. ज्या गिरण्यांतून ते कामगार रस्त्यावर आले, त्यांच्या नशिबी मात्र संरक्षण आलं नाही.

१९४९ मध्ये जुनी गिरणी बंद पडली. हजारोंच्या पोटाचा प्रश्न होता, म्हणून जानेवारी १९५० मध्ये सरकारनं वटहुकूम काढून कारभार हाती घेतला. एका भागधारकानं त्याला आव्हान दिलं. सर्वोच्च न्यायालयानं ते डिसेंबरमध्ये फेटाळलं. कायद्याचे विद्यार्थी आजही तो खटला अभ्यासतात. लक्ष्मी आणि विष्णू या गिरण्याही नव्वदच्या दशकात थांबल्या.

मुंबईतही तेच. परळचा दामोदर हॉल, कामगार नेते ना. म. जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगचा, कामगार रंगभूमीचं घर. २०२३ मध्ये तो पुनर्विकासासाठी बंद झाला. याउलट कोपनहेगनमध्ये कामगारांनी १८७९ मध्ये बांधलेलं सभागृह आज संग्रहालय आहे.

राजानं बांधलं ते वारसा आणि कामगारांनी गाजवलं ते मोकळा भूखंड, हा न्याय मला मान्य नाही. गिरणीचं गेट, चाळ, युनियनचं कार्यालय यांची नोंद पुरातत्त्व खात्यानं आणि महापालिकेनं आत्ताच करावी. आणि ज्यांच्या घरात आजोबांचा गिरणीचा पास किंवा संपातला फोटो असेल, त्यांनी तो टाकू नये. त्याच्या मागच्या बाजूला नाव आणि साल लिहून ठेवावं.