योजून केलेला ऱ्हास

तारेतून जाणारा आवाज अंतरागणिक क्षीण होत जातो, हे सर्वश्रुत आहे. परंतु मोठ्या कचेरीत ईपीएबीएक्सची, म्हणजे कचेरीच्या अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंजची, उभारणी करणारा अभियंता, आवाज पुरेसा मोठा असतानाही, त्यात हेतुपुरस्सर ऱ्हास घालतो आणि त्याची मर्यादा आधी कागदावर मुक्रर करूनच तारा ओढण्यास हात घालतो, हे ऐकून सामान्य वाचकास नवल वाटल्यावाचून राहणार नाही.

हा ऱ्हास मोजण्याचे मापही दूरध्वनीच्याच व्यवहारात जन्मास आले. अमेरिकेतील बेल यंत्रणेचे अभियंते प्रारंभी प्रमाण केबलच्या मैलांत हिशेब मांडीत. 1920 नंतरच्या दशकात त्या जागी लघुगणकावर आधारलेले एकक आले आणि अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलच्या नावावरून त्यास डेसिबल म्हणू लागले. 3 डेसिबल ऱ्हास म्हणजे शक्ती निम्मी, 10 म्हणजे दशांश. शिवाय मार्गातील प्रत्येक टप्प्याचा ऱ्हास केवळ बेरजेने मांडता येतो. 0.4 मिलिमीटर व्यासाच्या तांब्याच्या तारजोडीत दर किलोमीटरला सुमारे दीड ते पावणेदोन डेसिबल खर्ची पडतात. इमारतीतल्या शे-दोनशे मीटरांत तो खर्च नगण्यच.

अडचण वेगळ्याच ठिकाणी उद्भवते. टेलिफोनकडे जाणाऱ्या एकाच तारजोडीवरून बोलणे आणि ऐकणे दोन्ही चालते, तर अंकीय एक्स्चेंजच्या अंतर्भागात या दोन दिशांचे मार्ग स्वतंत्र असतात. त्यांची फाळणी करणारे हायब्रिड नावाचे मंडल, समोरच्या तारेचा विद्युत्-रोध एका ठरावीक प्रतिकृतीशी ताडून पाहून, येणारा आवाज जाणाऱ्या मार्गात शिरणार नाही अशी तजवीज करते. परंतु प्रत्येक तारेची लांबी, जाडी आणि तिच्या टोकाचा टेलिफोन निराळा असल्यामुळे हा मेळ कधीच पूर्णांशाने बसत नाही, आणि काही अंश परत फिरतोच. तो दूरच्या संभाषणात विलंबाने आला, तर बोलणाऱ्यास स्वतःचेच शब्द प्रतिध्वनीरूपाने ऐकू येतात. आणि दोन्ही टोकांची गळती मिळून त्या वर्तुळातील वर्धन ऱ्हासाहून अधिक झाले, तर तारेत अखंड शीळच घुमू लागते.

येथे योजिलेल्या ऱ्हासाचे खरे सामर्थ्य प्रकट होते. ऐकणाऱ्याकडे जाणारा शब्द तो मार्ग एकदाच चालतो, पण प्रतिध्वनीस जाताना आणि येताना असा दोनदा चालावा लागतो. म्हणून दोन्ही दिशांत 3 डेसिबल घातले, की बोलणे 3 डेसिबलने मंदावते, तर प्रतिध्वनी 6 डेसिबलने. थोड्या हानीच्या मोबदल्यात दुप्पट शांतता देणारा हा सौदा, माझ्या मते, दूरध्वनीशास्त्रातील सर्वांत सुंदर युक्त्यांपैकी एक आहे.

त्यास अनुसरून अमेरिकेतील मानकांत, एकाच इमारतीतल्या दोन एक्स्टेन्शनांमध्ये 6 डेसिबल ऱ्हासाचा शिरस्ता पडला. कचेरीची शाखा दुसऱ्या इमारतीत असून तिथवर केबल ओढली असेल, तर मात्र यंत्रातील ऱ्हास कमी करावा लागतो. कारण केबलनेच आपला वाटा आधी घेतलेला असतो. तीन किलोमीटरांवरच्या अशा टेलिफोनला यंत्राचेही पूर्ण 6 डेसिबल लावले, तर एकूण आकडा दहाच्या पुढे जातो, आणि पलीकडच्यास “जरा मोठ्याने बोला” असे वारंवार सांगावे लागते. घंटी वाजते, नंबर लागतो, म्हणून लाइन ठीक आहे असा निर्वाळा येथे देणे गैर होय. घंटी आणि डायल हे एक्स्चेंजकडून तारेत सोडलेल्या विद्युत्-प्रवाहावर अवलंबून असतात, आवाजाचा ऱ्हास हे सर्वस्वी वेगळे प्रकरण आहे, आणि दोहोंच्या मर्यादा वेगवेगळ्या तपासाव्या लागतात.

विलंब फार वाढला, की केवळ ऱ्हासाने निभाव लागत नाही. भूस्थिर उपग्रह सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवर असल्याने त्याच्या मार्गे गेलेला शब्द परतण्यास सुमारे अर्धा सेकंद लागतो, आणि इतका उशिरा आलेला प्रतिध्वनी क्षीण असला तरी असह्य होतो. त्यावर बेल प्रयोगशाळेत जी उपाययोजना निघाली, तिच्यात बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकलेल्या मनमोहन सोंधी यांचा मोठा वाटा होता. परत येणाऱ्या आवाजाचे अनुमान स्वतः शिकत जाऊन तो वजा करणाऱ्या यंत्राविषयी त्यांचा निबंध 1967 मध्ये प्रसिद्ध झाला. आज इंटरनेटमार्गे बोलणाऱ्या कचेऱ्यांत हीच युक्ती चालते. मात्र असे यंत्र योजताना हायब्रिडपाशी किमान 6 डेसिबल ऱ्हास असल्याचे सामान्यतः गृहीत धरलेले असते, आणि तो तेथे मिळवून देण्याचे काम अद्यापि तारेची आखणी करणाऱ्याकडेच आहे.