विष्णुपुरीचा झाडू
लेखमाला : जाब कोणाला? – भाग 4

3 ऑक्टोबर 2023ची एक चित्रफीत महाराष्ट्राने पाहिली. नांदेडजवळ विष्णुपुरीला डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. तिथल्या घाणेरड्या स्वच्छतागृहात प्रभारी अधिष्ठाता झाडू घेऊन फरशी घासताहेत, शेजारी हिंगोलीचे तेव्हाचे खासदार हेमंत पाटील उभे आहेत आणि भोवती मोबाइल धरलेल्या हातांचा गराडा. झाडू खासदारांनीच हातात दिला होता.

त्याच्या तीनच दिवस आधी, 30 सप्टेंबरच्या मध्यरात्रीपासून 1 ऑक्टोबरच्या मध्यरात्रीपर्यंत, या रुग्णालयात 24 मृत्यू झाले होते. त्यातली 12 नवजात बाळं. पुढच्या चोवीस तासांत आणखी 7 जण गेले. 48 तासांत 31, आणि त्यात 16 लहान मुलं. योगायोग असा की 1 ऑक्टोबरला देशभर ‘एक तारीख, एक तास’ नावाची स्वच्छता मोहीम चालू होती आणि मंत्रिगण झाडू घेऊन छायाचित्रं काढून घेत होते. विष्णुपुरीच्या स्वच्छतागृहापर्यंत तो झाडू दोन दिवस उशिरा पोचला.

पुढे काय झालं? अधिष्ठात्यांच्या तक्रारीवरून खासदारांवर अॅट्रॉसिटी कायद्याखाली आणि सरकारी कामात अडथळा आणल्याबद्दल गुन्हा नोंदला गेला. लगोलग, बाळंतपणानंतर दगावलेल्या एका तरुण आईच्या आणि तिच्या बाळाच्या नातलगांच्या तक्रारीवरून, सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल झाला तो त्याच अधिष्ठात्यांवर आणि एका डॉक्टरवर. घरच्यांचं म्हणणं होतं की डॉक्टरांनी वेळेवर पाहिलं नाही आणि हजारो रुपयांची औषधं बाहेरून आणायला लावली. त्या घराचा संताप खोटा म्हणायची कोणाची छाती होणार नाही. पण जे पद मुळात ‘प्रभारी’, त्याच्यावर 31 मृत्यूंचा भार टाकून गाडी पुढे निघाली, आणि या भागाचा विषय तोच आहे.

किनवटकडची एक बाळंतीण डोळ्यांसमोर आणू. तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात. कळा सुरू झाल्या, रक्तदाब वाढलेला, बाळाचे ठोके मंद. उपजिल्हा रुग्णालयात भूलतज्ज्ञ नसला की केसपेपरवर ‘रेफर’ लिहून होतं. 108च्या गाडीने शंभरहून अधिक किलोमीटर कापून ती विष्णुपुरीच्या फाटकात शिरते. इथपर्यंतची सगळी व्यवस्था सार्वजनिक आरोग्य खात्याची. 2023 साली त्याचे मंत्री तानाजी सावंत. फाटकाच्या आत पाऊल पडलं की खातं बदलतं, वैद्यकीय शिक्षण लागतं. त्याचे मंत्री हसन मुश्रीफ, आणि तेही जुलैपासूनचे. त्याआधी ते खातं गिरीश महाजनांकडे होतं. महाजन ऑक्टोबरमध्ये नांदेडचे पालकमंत्री होते आणि लातूरचेही. सलाईन आणि इंजेक्शनं आणायची जबाबदारी 2017पासून हाफकिन या सरकारी महामंडळाच्या खरेदी कक्षाची होती. रिकामी पदं भरायची तर फाइल वित्त खात्यातून फिरून येते. चतुर्थ श्रेणीच्या बदल्यांचा आदेश आणखी कुठून तरी निघतो. बाळ दगावलं, तर यातल्या कोणाकडे बोट दाखवायचं?

प्रभारी अधिष्ठात्यांनी पहिल्या दिवशी पत्रकारांना जे सांगितलं त्यात हे सगळं होतं: कर्मचाऱ्यांच्या बदल्या झाल्या, हाफकिनकडून औषधं आली नाहीत, स्थानिक खरेदी करून भागवलं, आणि रुग्ण सत्तर-ऐंशी किलोमीटरच्या टापूतून येतात. दुसऱ्या दिवसापासून सरकारी सूर बदलला. औषधांचा तुटवडा नव्हता, डॉक्टर पुरेसे होते, रुग्णच अखेरच्या घटकेला आले, बाळं कमी वजनाची होती. यातलं शेवटचं खरंही असेल. खाजगी दवाखाने बिल भागेपर्यंत बाळ पेटीत ठेवतात आणि हाताबाहेर गेलं की ‘सरकारीत न्या’ म्हणतात, हे नांदेडात रिक्षावाल्यालाही ठाऊक आहे. पण सरकारी रुग्णालय असतं तेच मुळी अशा बाळांसाठी. धडधाकट बाळं अतिदक्षता विभागात कोण आणतं?

त्या दिवसांत वृत्तपत्रांनी जे आकडे छापले ते बोलके आहेत. नवजात अतिदक्षता विभागात सोय 24 बाळांची, दाखल 65. म्हणजे एका वॉर्मरवर दोन-तीन बाळं, आणि एकाला जंतुसंसर्ग झाला तर शेजारच्यालाही. माजी मुख्यमंत्री अशोक चव्हाणांनी रुग्णालयात जाऊन सांगितलं की 500 खाटांच्या जागी बाराशेच्या आसपास रुग्ण आहेत. मुंबई उच्च न्यायालयापुढे जी माहिती आली त्यात मंजूर 97 पदांपैकी 49च भरलेली असल्याचं नमूद होतं.

न्यायालयाने या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली ती 4 ऑक्टोबरला. मुख्य न्यायमूर्ती देवेंद्रकुमार उपाध्याय आणि न्यायमूर्ती आरिफ डॉक्टर यांच्या खंडपीठापुढे महाधिवक्त्यांनी रुग्णालयांवरच्या ताणाचं कारण मांडलं. खंडपीठाने ते ऐकून घेतलं आणि सुनावलं की ताण आहे असं सांगून राज्याला हात झटकता येणार नाहीत. शिवाय औषध खरेदीसाठी त्याच वर्षी कायदा करून जे प्राधिकरण उभं केलं होतं, त्याला पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी नेमा, असा आदेश दिला. म्हणजे हाफकिनकडून काम काढून ज्या नव्या यंत्रणेकडे द्यायचं ठरलं, तिलाही पूर्णवेळ प्रमुख नव्हता. तामिळनाडूने असं औषध खरेदी महामंडळ 1994 साली उभारलं. महाराष्ट्राला तो कायदा करायला 2023 उजाडलं. या एकोणतीस वर्षांत मराठवाड्यातले दोघे मुख्यमंत्री झाले. त्याकडे येऊच.

कायद्याच्या बाजूने पाहिलं तर प्रश्न जुना आहे आणि उत्तरही जुनं. 1992 साली पश्चिम बंगालमध्ये रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या एका शेतमजुराला कोलकात्यातल्या एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही म्हणून परत पाठवलं. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 1996 साली न्यायालयाने सांगितलं की तातडीचे उपचार न देणं हा घटनेच्या कलम 21चा भंग आहे आणि पैसा नाही ही सबब राज्याला सांगता येणार नाही. खाटा अपुऱ्या असणं हे सरकारचं अपयश ठरतं, ही गोष्ट तेव्हापासून कायद्याने पक्की आहे. पक्कं झालेलं नाही ते एवढंच, की सरकार म्हणजे नेमकं कोण.

आता महाराष्ट्रात एकदा हे ठरवलं गेलं होतं ती गोष्ट. 1986च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले 14 रुग्ण दगावले. औषधी ग्लिसरीनऐवजी त्यांना मिळालं होतं औद्योगिक ग्लिसरीन, आणि त्यात डायएथिलिन ग्लायकॉल हे मूत्रपिंड निकामी करणारं विष होतं. सोपा मार्ग मोकळा होता. बाटली उघडणाऱ्या परिचारिकेला आणि औषध लिहिणाऱ्या डॉक्टरला धरता आलं असतं. त्याऐवजी उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा चौकशी आयोग नेमला गेला. लेंटिन यांनी बाटलीपासून उलटा प्रवास केला: बाटली कोणाच्या गोदामातून आली, निविदा कोणाची, परवाना कसा मिळाला, तपासणी कोणी टाळली, अन्न व औषध प्रशासनात कोणाचा फोन आला. साक्षी उघडपणे झाल्या, रोज वर्तमानपत्रात आल्या. अहवाल डॉक्टर, अधिकारी, पुरवठादार अशा पायऱ्या चढत मंत्रालयापर्यंत गेला, आणि 1988 साली तो विधिमंडळापुढे आल्यावर आरोग्यमंत्री भाई सावंत यांना राजीनामा द्यावा लागला.

या राजीनाम्याच्या वेळी मुख्यमंत्री कोण होते? शंकरराव चव्हाण. नांदेडचे, शिस्तीमुळे ‘हेडमास्तर’ म्हणून ओळखले जाणारे. सरकारी रुग्णालयातल्या मृत्यूंवरून ज्यांच्या मंत्रिमंडळातला आरोग्यमंत्री गेला, त्यांचंच नाव विष्णुपुरीच्या कमानीवर आहे.

नांदेड-लातूरच्या लोकांना राजीनामा हा प्रकार तसा नवा नाही. जे. जे.मधले मृत्यू झाले तेव्हा मुख्यमंत्री होते लातूर जिल्ह्यातल्या निलंग्याचे शिवाजीराव पाटील. मुलीच्या एम.डी. परीक्षेतल्या गुणांवरून उच्च न्यायालयाने ताशेरे ओढले आणि मार्च 1986मध्ये त्यांना पायउतार व्हावं लागलं. त्यांच्या जागी शंकरराव आले. बावीस वर्षांनी मुंबईवरच्या 26 नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर आणखी एक लातूरकर, विलासराव देशमुख, खुर्चीवरून उतरले आणि त्यांच्या जागी शंकररावांचे चिरंजीव अशोकराव बसले. दोन्ही वेळा लातूरने खुर्ची सोडली आणि नांदेडने घेतली. (लालबहादूर शास्त्री आणि रेल्वे अपघात हे उदाहरण प्रत्येक लेखात येतं, म्हणून इथे ते गाळलं आहे.)

या राजीनाम्यांकडे नीट पाहिलं तर एक गोष्ट दिसते. कोणीही आपणहून गेलं नाही. एकाला न्यायालयाचे ताशेरे, दुसऱ्याला जळालेल्या ताजमहाल हॉटेलात चित्रपट दिग्दर्शकासह केलेली पाहणी आणि दिल्लीचा निरोप, भाई सावंतांना लेंटिन अहवाल. मंत्री जातो तो त्याच्या नावापर्यंत पोचणारा कागद समोर येतो तेव्हा, किंवा त्याला ठेवणं पक्षाला जड जातं तेव्हा. 2023 साली तीन गटांचं सरकार होतं. एका मंत्र्याला हलवायचं तर तिघांचं गणित पुन्हा मांडायला लागलं असतं. आणि कागद? चौकशी समित्या नेमल्या गेल्या खात्याच्याच. वरिष्ठ डॉक्टरांनी कनिष्ठ डॉक्टरांचे केसपेपर तपासायचे, म्हणजे चौकशीची सुरुवातही रुग्णालयात आणि शेवटही रुग्णालयातच. हाफकिनकडे मागणीपत्र कधी गेलं, पैसे किती महिने पडून राहिले, पदभरतीची फाइल कोणत्या टेबलावर होती, हे विचारायचा अधिकार अशा समितीला नसतो.

जाब खाली सरकतो, हा आधीच्या घटनांचाही अनुभव आहे. भंडाऱ्यात 9 जानेवारी 2021च्या पहाटे नवजात विभागाला आग लागून 10 बाळं गेली. जिल्हा शल्यचिकित्सक निलंबित झाले, कंत्राटी परिचारिकांना घरी पाठवलं आणि दोन परिचारिकांवर गुन्हा नोंदला गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरात अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटून 11 कोरोना रुग्ण दगावले. अटक झाली ती एक महिला डॉक्टर आणि परिचारिकांना. तेव्हा सरकार महाविकास आघाडीचं होतं. रंग बदलला तरी रीत तीच.

याउलट पोर्तुगालमध्ये ऑगस्ट 2022 अखेरीस जे घडलं त्याचा धागा थेट भारताशी आहे. लिस्बनला पर्यटक म्हणून गेलेली एक गरोदर भारतीय महिला तिथल्या मोठ्या रुग्णालयात आली. नवजात विभागात जागा नव्हती म्हणून तिला दुसरीकडे हलवलं. वाटेत तिची हृदयक्रिया बंद पडली आणि नंतर ती गेली. बाळ वाचलं. बातमी बाहेर आल्यावर काही तासांत आरोग्यमंत्री मार्ता तेमिदो यांनी राजीनामा दिला, आणि कोरोनाकाळातल्या कामामुळे त्या देशात लोकप्रिय होत्या. प्रसूती विभाग बंद पडत असल्याच्या तक्रारी महिनोन्‌महिने गाजत होत्या, त्यांचा संबंध मंत्र्यांच्या कारभाराशी लावला गेला होता. विष्णुपुरीत 24च्या जागी 65 बाळं होती. लिस्बनमध्ये प्रश्न एका जागेचा होता.

आपल्याकडे मृत्यूंची कारणं शोधायची सोय नाही असं मुळीच नाही. माता आणि बालमृत्यूंचं अन्वेषण प्रत्येक जिल्ह्यात व्हावं अशी राष्ट्रीय आरोग्य अभियानाची पद्धत आहे, मातामृत्यूंचा आढावा खुद्द जिल्हाधिकाऱ्यांपुढे होतो. या आढाव्यात तीन उशीर शोधतात: घरच्यांनी निर्णय घ्यायला केलेला उशीर, दवाखान्यात पोचायला लागलेला उशीर आणि पोचल्यावर उपचार मिळायला झालेला उशीर. रकाने नीट भरले तर खूप काही कळतं. मात्र औषध खरेदीला झालेला उशीर, भूलतज्ज्ञाचं पद भरायला झालेला उशीर, वाढीव खाटांच्या मंजुरीला झालेला उशीर, याचा रकाना त्या तक्त्यात नाही. सासू-सासरे, रुग्णवाहिकेचा चालक, रात्रपाळीची सिस्टर, निवासी डॉक्टर यांच्यावरच ही यादी संपते. असे आढावे निनावी करून तालुकावार जाहीर केले आणि त्यांत हा चौथा रकाना जोडला, तर विधानसभेतल्या लक्षवेधी सूचनेला निदान धरायला काहीतरी मिळेल.

दोन खात्यांच्या वाटणीत लातूरची तऱ्हा थोडी वेगळी. तिथे वैद्यकीय महाविद्यालय आलं आणि जुनं सिव्हिल त्यात गेलं. वेगळं जिल्हा रुग्णालय हवं, ही मागणी वर्षानुवर्षं जागेच्या वादात अडकून पडली. लातूरचे अमित देशमुख 2019 ते 2022 वैद्यकीय शिक्षण मंत्री होते. पण जिल्हा रुग्णालय येतं सार्वजनिक आरोग्य खात्याकडे. आपल्याच गावातल्या प्रश्नावर आपलं खातं लागू पडत नाही, अशी ही वाटणी.

डिसेंबर 2024मध्ये विधिमंडळापुढे आलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालात राज्याच्या आरोग्यसेवेतली डॉक्टरांची पावाहून अधिक आणि परिचारिकांची तिसऱ्या हिश्शाहून अधिक पदं रिकामी असल्याचं दिसलं. त्याच महिन्यात नवं मंत्रिमंडळ बसलं. वैद्यकीय शिक्षण खातं पुन्हा मुश्रीफांकडे आलं. तानाजी सावंतांना जागा मिळाली नाही, पण नांदेडचं नाव त्या संदर्भात कोणी घेतल्याचं आठवत नाही. रुग्णालयात जाऊन आकडे मांडणारे अशोक चव्हाण फेब्रुवारीतच भाजपमधून राज्यसभेवर गेले होते. आणि झाडू देणारे हेमंत पाटील ऑक्टोबर 2024मध्ये, विष्णुपुरीच्या घटनेला वर्ष उलटल्यावर, राज्यपालनियुक्त सदस्य म्हणून विधान परिषदेत पोचले.

(पुढच्या भागात : हाफकिन ते प्राधिकरण, औषध खरेदीची फाइल कशी चालते)