मेमरी कुठली म्हणता?

कॉलेजचे प्रवेश सुरू झाले की अनेक घरांत लॅपटॉपची खरेदी निघते. दुकानदार खोक्यावरचे आकडे वाचून दाखवतो, “आठ जीबी रॅम, पाचशे बारा जीबी एसएसडी.” वडील विचारतात, “म्हणजे मेमरी किती?” प्रश्न एक, पण त्याची उत्तरे दोन, आणि ती वेगळी न कळल्यामुळे काही हजार रुपये भलत्याच जागी खर्च होतात.

रॅम हा स्वयंपाकघरातला ओटा, एसएसडी हे फडताळ. फडताळ कितीही मोठे घेतले तरी ओटा वाढत नाही. एका वेळी चार कामे उघडली की लॅपटॉप रखडतो, तो बहुधा ओटा अपुरा पडल्यामुळे. पाठ्यपुस्तकांनी एकीला प्राथमिक आणि दुसरीला दुय्यम स्मृती म्हटले, त्याने घोळ कमी झाला नाही.

हा ओटा वीज जाताच साफ का होतो? घरचा पंखा मंदावला की इलेक्ट्रिशियन ‘कंडेन्सर गेला’ म्हणतो. कंडेन्सर म्हणजे विद्युतभार साठवणारा भाग. रॅमच्या चिपमध्ये असे अतिसूक्ष्म कंडेन्सर अब्जावधी असतात आणि प्रत्येकाच्या दाराशी ट्रान्झिस्टर नावाचा पहारेकरी. कंडेन्सर भरलेला तर एक, रिकामा तर शून्य, हाच ‘बिट’. आठ बिटांचा एक बाइट आणि सुमारे अब्ज बाइटांचा एक जीबी. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना या रचनेचे पेटंट १९६८ साली मिळाले. पण हे कंडेन्सर गळके. त्यांतला भार झिरपून जातो, म्हणून साधारणपणे ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक घर वाचून पुन्हा भरावे लागते. वीज गेली की हे भरणे थांबते, आणि ‘सेव्ह’ न केलेला मजकूरही जातो.

एसएसडीतली फ्लॅश चिप निराळी. तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी १९८०च्या दशकात विकसित केलेल्या या तंत्रात इलेक्ट्रॉन चहूबाजूंनी विद्युतरोधकात कोंडलेले असतात. वीज नसली तरी ते जागा सोडत नाहीत. मात्र ही चिप रॅमपेक्षा बरीच संथ, शिवाय पुन्हा पुन्हा लिहिल्याने झिजणारी.

एवढे समजले की मोबाइलच्या जाहिरातीतली ‘८+८ जीबी रॅम’ ओळखू येते. यातले पहिले आठ खरे. दुसरे आठ म्हणजे फडताळातला एक खण रिकामा करून त्याला ओटा म्हणणे! अडीनडीला तो उपयोगी पडतो, पण सोळा जीबीचे पैसे मोजण्याच्या लायकीचा नव्हे.

दुसऱ्या एका बाबतीत मात्र दुकानदार निर्दोष आहे. ५१२ जीबीची एसएसडी घरी आणावी तर विंडोज ४७६च दाखवते. उत्पादक हजाराच्या पटीत मोजतो, विंडोज १०२४च्या. कोणी काही खाल्लेले नसते.

पैसे देण्यापूर्वी एक प्रश्न जरूर विचारावा : रॅम खाचेत बसवलेली आहे की मदरबोर्डावर डाख देऊन? पातळ, हलक्या लॅपटॉपमध्ये ती बहुधा डाखलेली असते. तिथे ‘पुढे वाढवून घेऊ’ ही सोय नाही. एसएसडी अनेकदा नंतर बदलता येते. तेव्हा पैसे मोजकेच असतील तर ते आधी रॅमवर घालावेत.