प्रयोगशाळेतला कुकर आणि स्वस्त हायड्रोजन

उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजायला तासभर लागतो. कुकरमध्ये तीच तीन-चार शिट्ट्यांत मऊ होते. झाकण घट्ट असल्याने वाफ कोंडते, दाब वाढतो आणि एरवी १०० अंशांना उकळणारे पाणी १२० अंशांच्या आसपास तापूनही पाणीच राहते. स्वयंपाकघरातले हेच तत्त्व रसायनशास्त्रज्ञांनी उचलले आणि एक अवघड पदार्थ सोप्या रीतीने तयार केला. त्याचे नाव मेटल फॉस्फाइड.

काडेपेटीच्या ज्या पट्टीवर काडी ओढतो, तिच्यात तांबडा फॉस्फरस असतो. निकेल, कोबाल्ट, तांबे अशा धातूंशी फॉस्फरसचा संयोग झाला, की फॉस्फाइड बनते. पण हा संयोग सहजासहजी होत नाही. जुनी रीत अशी, की दोन्हींची पूड क्वार्ट्‌झच्या नळीत भरायची, आतली हवा काढून तोंड बंद करायचे आणि सात-आठशे अंशांच्या भट्टीत कित्येक दिवस ठेवायचे. इंधन भरपूर जळणार आणि फॉस्फरसच्या वाफेने नळी फुटण्याची धास्ती वेगळीच!

यावर चीनच्या हफेई शहरातील विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात उपाय सापडला. शिए यी आणि त्यांचे गुरू चियान यिताई यांच्या गटाने २००० साली आपली सौम्य रीत प्रसिद्ध केली. टेफ्लॉनचे अस्तर असलेल्या पोलादी भांड्यात धातूचे क्लोराइड आणि पिवळा फॉस्फरस घालायचा, पाण्याऐवजी एथिलीनडायअमीन हे द्रावक ओतायचे, झाकण आवळायचे आणि भांडे तापवायचे. भट्टीची गरजच नाही, दीडशे अंशांच्या आतच काम होते! हातात येते ती अतिसूक्ष्म कणांची भुकटी.

अर्थात हा घरी करून पाहण्याचा प्रयोग नव्हे. पिवळा फॉस्फरस विषारी असतो आणि हवा लागताच पेटू शकतो. भांडे काठोकाठ भरले, तर दाबाने फुटण्याची भीती. या कुकरला शिट्टी नसते!

शिए यींची कहाणीही लक्षात राहणारी. १९६७ साली जन्मलेल्या या बाईंनी पदवीनंतर काही वर्षे रासायनिक कारखान्यात नोकरी केली, मग त्या पुन्हा अभ्यासाकडे वळल्या. २०१५ साली त्यांना महिला शास्त्रज्ञांसाठीचा लॉरिअल-युनेस्को पुरस्कार मिळाला.

पण या भुकटीचा उपयोग काय? विजेच्या साहाय्याने पाण्यातून हायड्रोजन काढता येतो. जाळल्यावर त्याचा धूर होत नाही, पुन्हा पाणीच होते. हे काम झटपट करणारा सर्वोत्तम धातू म्हणजे प्लॅटिनम. तो दुर्मिळ, महाग आणि बहुतांशी दक्षिण आफ्रिकेतून येणारा. निकेल फॉस्फाइड त्याची जागा घेऊ शकेल, असा हिशेब अमेरिकेतील पिंग लिऊ आणि होसे रॉड्रिग्ज यांनी २००५ साली मांडला. २०१३ साली तिथल्याच पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात रेमंड शाक यांच्या गटाने वेगळ्या रीतीने त्याचे कण बनवले आणि तो हिशेब खरा ठरवला.

प्लॅटिनमची सर मात्र त्याला अजून आलेली नाही. ते आम्लात वर्षानुवर्षे टिकले पाहिजे आणि किलोच्या हिशेबाने बनवता आले पाहिजे. भारतानेही २०२३ साली हरित हायड्रोजन अभियान सुरू करून २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचे लक्ष्य ठेवले आहे. एवढा हायड्रोजन सामान्यांना परवडेल अशा भावात हवा, तर प्लॅटिनमवर विसंबून कसे भागेल? बंद भांड्यात शिजणाऱ्या या भुकटीकडे म्हणूनच जगाचे लक्ष आहे.