फळीवरचा हिशेब

मे महिन्यात गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात कुणाच्याही अंगणात डोकावा, सगळं घर तेंदूची पानं लावत बसलेलं दिसेल. 70 पानांचा एक पुडा. देठाला देठ जुळवायचा, भोक पडलेलं, फाटलेलं, फार कोवळं पान बाजूला टाकायचं आणि वरून सालीची गाठ मारायची. आजी मोजता मोजता सुनेला चुलीवरच्या भाताचं विचारते आणि 43 नंतर बिनचूक 44 म्हणते. पहाटे अंधारात जंगलात जायचं, ऊन चढायच्या आत डोक्यावर गाठोडं घेऊन परतायचं. हंगाम फार तर दोन-तीन आठवड्यांचा. धानाचं बियाणं, पोरांची शाळा, एखादं लग्न, सगळं याच पैशावर.

दुपार कलली की फळीवर, म्हणजे पुडे मोजून घेण्याच्या जागेवर, गर्दी होते. साफ केलेल्या जमिनीवर पुड्यांच्या रांगा लागतात. ठेकेदाराचा दिवाणजी वाकून मोजतो, ढिले पुडे पायाने बाजूला सारतो. “ते दोन काऊन काढले गा?” बाई उभ्या उभ्या विचारते. दिवाणजी एक परत ठेवतो, एक नाही. मग आकडा कार्डावर चढतो. शेजारी गावातला एक पोरगा स्वतःच्या वहीत तोच आकडा लिहितो. तो ग्रामसभेचा माणूस. माझ्या मते या सगळ्या व्यवहारातली सर्वांत महत्त्वाची सरकारी योजना म्हणजे ती वही, आणि ती कुठल्याही जाहिरातीत नसते.

कारण 1969च्या कायद्याने तेंदूचा व्यापार सरकारच्या ताब्यात गेला तेव्हा पान तोडणारा निव्वळ मजूर होता. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा 1996चा पेसा कायदा, 2006चा वनहक्क कायदा आणि 2014चे राज्याचे पेसा नियम, एवढं सगळं झाल्यावर विक्रेता बदलला. आता गावापुढे दोन पर्याय असतात: वनखात्याने लिलाव करून रॉयल्टी ग्रामसभेला द्यावी, किंवा ग्रामसभेने स्वतः विकावं. दुसरा पर्याय घेतला की जाहिरात, बोली, करारनामा, वाहतूक परवाना सगळं गावाच्या गळ्यात. याच तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला बांबूच्या वाहतूक पासाचं पुस्तक 27 एप्रिल 2011 रोजी मिळालं. त्यासाठी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांना गावात यावं लागलं. हक्क कायद्यात 2006 सालीच लिहिलेला होता!

गावाच्या हाती कारभार आला की गाव विकतंच, असंही नाही. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावने 2012 साली सामूहिक वनहक्क मिळाल्यावर तेंदूपत्ता तोडणंच बंद केलं. छाटणीने झाडांचं नुकसान होतं, आणि फळं राहिली तर माणसांना, पाखरांना खायला मिळतात, हा त्यांचा विचार. बांबूवर त्यांचं भागतं. प्रत्येक गावाला हे परवडेल असं नाही.

चंद्रपूरच्या बऱ्याच भागाला मात्र पेसा लागू नाही. तिथे वहीवाला पोरगा नाही, आणि वाघ आहे. 10 मे 2025 रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्त्याला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. वन्यप्राण्याने माणूस मारला तर राज्य सरकार 25 लाख रुपये देतं. ते द्यायलाच हवेत. पण पहाटे एकटीने झुडपात वाकू नये, घोळक्याने जावं, अमुक भागात आज शिरू नये, ही खबर वेळेत गावात पोचवणं त्याहून स्वस्त आहे.

गडचिरोलीतही सारं आलबेल नाही. बाजार पडला की मजुरी कशीबशी मिळते आणि रॉयल्टी अडकते. ठेकेदार फोन उचलत नाही. हक्क दिला म्हणून सरकार बाजूला झालं, तर चार बुकं शिकलेल्या पोरांनी मुरलेल्या व्यापाऱ्याशी कसं लढायचं? करारात काय लिहावं हे सांगणारा वकील, बोलीआधी इतरत्र काय भाव चाललाय याची माहिती, थकबाकीदाराचं नाव सगळ्या ग्रामसभांना कळवणारी एक यादी, एवढी मदत तालुक्याला सहज करता येईल.

काही ग्रामसभा आता स्वतःच शहाण्या झाल्यात. अनामत आधी घेतात, आणि हप्ता खात्यात जमा झाल्याशिवाय पोत्यांचा ट्रक गावाबाहेर जाऊ देत नाहीत.