मागच्या सीटचा इतिहास

आपल्याकडच्या दुचाकींचा आढावा घेणारे बहुतेक लेख इंजिनापासून सुरू होतात. टू-स्ट्रोक गेले, फोर-स्ट्रोक आले, कार्ब्युरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आले, सीसी वाढत गेले. मध्येच उदारीकरण येते, दूरचित्रवाणीच्या वाहिन्या येतात आणि ‘तरुणांची आवड बदलली’ असे म्हणून लेख आटोपतो. मला हा इतिहास नेहमीच अर्धा वाटत आला आहे. आकुर्डी ते चाकण या पट्ट्यात गेल्या साठ वर्षांत तयार झालेल्या गाड्या एका रांगेत उभ्या करून पाहाव्यात. इंजिन पाहण्यासाठी वाकावे लागते, पण मागची सीट लांबूनच दिसते. ती आधी लांब आणि सपाट होती, मग हळूहळू वर चढली, मग दोन तुकड्यांत फुटली आणि काही गाड्यांवर तळहाताएवढी उरली. गाडी किती जणांसाठी बनवली आहे, हे त्या सीटवरून कळते. आवड कशी बदलली याचा खरा पुरावा मी तिथे शोधतो.

चेतकबद्दल नव्याने सांगण्यासारखे फार नाही. आकुर्डीच्या बजाजचा पियाजिओबरोबरचा करार १९७१ साली संपला आणि १९७२ साली महाराणा प्रतापांच्या घोड्याचे नाव घेऊन चेतक ही स्कूटर आली. परवाना राजमुळे ती मिळायला वर्षानुवर्षे थांबावे लागे, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यामुळे ‘दुसरे काही मिळतच नव्हते म्हणून लोकांनी चेतक घेतली’ असे म्हणण्याची एक पद्धत पडली आहे. ती मला मान्य नाही. राजदूत होती, येझदी होती, बुलेट होती, तरी संसारी माणूस स्कूटरच्याच रांगेत उभा राहिला आणि त्याची कारणे त्या गाडीच्या बांधणीत होती. कोरादिनो द’आस्कानियो या विमान अभियंत्याने १९४६ साली व्हेस्पा आखताना पोलादी पत्र्याचे अंग हाच गाडीचा कणा केला, इंजिन मागच्या चाकाशी उजव्या बाजूला नेले आणि पुढे पाय ठेवायला मोकळी फळी सोडली. तेल, साखळी, गरम सायलेन्सर यांपैकी काहीच कपड्यांना लागत नसे. आपल्याकडे डावीकडे तोंड करून बसणाऱ्या नऊवारी-पाचवारीला याहून सोयीची गाडी मिळणे कठीण होते. पुढच्या फळीवर मूल उभे राही, नाहीतर गॅसचा सिलिंडर बसे. इंजिन एका अंगाला असल्याने गाडी किंचित कलायची, ब्रेक बेताचेच होते, चाके लहान होती. हे दोष खरेच आहेत. पण डबलसीटचा विचार आधी आणि चालवणाऱ्याचा विचार नंतर अशा क्रमाने आखलेली ती गाडी होती.

ऐंशीच्या दशकावरून मी भरभर पुढे जाणार आहे. आरएक्स १०० च्या पंथाने त्यावर आधीच पुष्कळ लिहिले आहे. १९८५ साली हीरो होंडाची सीडी १०० आली, १९८६ साली आकुर्डीने कावासाकीच्या साथीने केबी १०० काढली, पुढे फोर-एस चॅम्पियन आली. या सगळ्या शंभर सीसी गाड्यांचे खरे काम अॅव्हरेज देण्याचे होते आणि ते त्यांनी चोख केले. आपल्या विषयापुरते महत्त्वाचे एवढेच, की त्यांनी चेतकची मागची सीट सांभाळली. लांब, मऊ, सपाट गादी, मागे धरायला कडी, साखळीवर पूर्ण झाकण आणि डाव्या बाजूला साडीगार्ड. मोटरसायकल घरात शिरली ती या वाटेने. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तिने स्कूटरला मागे टाकले, ते पेट्रोलच्या हिशेबाबरोबरच मागच्या माणसाची सोय न मोडल्यामुळे.

आता पल्सर. नोव्हेंबर २००१ मध्ये आलेल्या या गाडीला काही इंग्रजी मोटार-समीक्षक आजही ‘जाहिरातीचे यश’ म्हणतात. ‘डेफिनिटली मेल’ ही घोषणा गाजली हे खरे, पण घोषणेवर वीस-पंचवीस वर्षे गाडी खपत नाही. चाकणचा कारखाना १९९९ साली उभा राहिला होता, स्कूटरचा खप घसरत होता आणि आपली स्वतःची मोटरसायकल आपण आखू शकतो की नाही, या प्रश्नाचे उत्तर देणे कंपनीला भाग होते. टोकियो आर अँड डी आणि पुढे ग्लिन केर या ब्रिटिश आरेखकाची मदत घेऊन आकुर्डीच्या अभियंत्यांनी ते उत्तर दिले. १५० सीसीला सुमारे १२ अश्वशक्ती आणि १८० सीसीला १५. शंभर सीसीवर जगणाऱ्या गिऱ्हाइकाला हा पिकअप नवा होता. २००३ साली एका सिलिंडरला दोन स्पार्क प्लग देणारे डीटीएस-आय तंत्र आले. ज्वलन दोन टोकांनी सुरू होऊन लवकर पुरे होते, त्यामुळे जोर वाढूनही अॅव्हरेज फारसा ढळला नाही. नंतर सतरा इंचांची अलॉय चाके आली, मागे वायूभरले शॉकअब आले, २००६ साली आकड्यांचा मीटर आणि मागे दोन उभ्या लाल रेषांचा एलईडी दिवा आला. रात्री नाशिक रस्त्यावर त्या दोन रेषा दिसल्या की पुढची गाडी ओळखता येऊ लागली. एखाद्या भारतीय दुचाकीला पाठमोरी ओळख मिळावी, ही लहान गोष्ट नव्हे.

मात्र माझ्या लेखी त्या पल्सरचे मोठेपण आणखी एका ठिकाणी आहे, आणि तिचे चाहतेही त्याकडे पाहत नाहीत. भरदार टाकी पुढे होती, गुडघे तिला घट्ट लागत होते, चालवणाऱ्याला वेगाचा सगळा आनंद मिळत होता. टाकीपासून शेपटीपर्यंत गेलेली सीट मात्र एकसंध आणि रुंद होती, मागे भक्कम ग्रॅब रेल होती. आपले पौरुष जाहिरातीत मिरवणारी ही गाडी साडीगार्ड लावूनच शोरूमबाहेर पडत होती. पंचविशीतल्या मुलाने हट्टाने घेतलेली गाडी लग्नानंतर विकावी लागली नाही, कारण तिच्यावर दोघांना नीट बसता येत होते. जोर आणि संसार यांचा असा तोल त्याआधी कोणत्या देशी मोटरसायकलला साधला नव्हता, आणि २००१ ते २००९ या काळातल्या पल्सरनंतर इतका सहज तो साधलेला मला दिसत नाही.

उतरण पल्सरच्याच घरात सुरू झाली. २००९ साली १८० सीसीची सीट दोन भागांत फुटली. २००७ साली बजाजने केटीएममध्ये साडेचौदा टक्के हिस्सा घेतला होता. त्यातून २०१२ च्या जानेवारीत चाकणमध्ये बनलेली ड्यूक २०० बाजारात आली. ऑस्ट्रियातल्या किस्काने आखलेली ही गाडी चालवण्यासाठी अप्रतिम आहे. तिच्या जाळीदार चौकटीचे आणि वळणांवरच्या चपळाईचे कौतुक करताना मी हात आखडता घेणार नाही. पण तिच्या मागची जागा म्हणजे केवळ कायद्यापुरती सोय. त्याच वर्षी आलेल्या पल्सर २००एनएसने तीच चढण गिरवली, आणि मग १२५ सीसीच्या गाड्यांनाही तीच शेपटी हवीशी झाली. साडीगार्ड तर गाडी घरी आल्याच्या दिवशीच काढून टाकण्याचा रिवाज पडला आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांमधला १२३ वा नियम मागच्या माणसासाठी धरायला कडी, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि निम्मे मागचे चाक झाकणारे संरक्षण मागतो. ओढणी किंवा पदर चाकात जाऊ नये, हा त्यामागचा साधा हेतू. सौंदर्याच्या नावाखाली आपण ते स्वतःच्या हाताने उतरवतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

यावर पहिला आक्षेप असा, की लोकांचे उत्पन्न वाढले, कुटुंब मोटारीत गेले, आता मोटरसायकल ही एकट्याच्या हौसेची वस्तू आहे. मग तिने एकट्याचा विचार का करू नये? हा युक्तिवाद काही घरांपुरता बरोबर आहे. पण याच काळात सपाट फळीची, लांब सीटची, गिअर नसलेली अॅक्टिव्हा देशातल्या सर्वाधिक खपाच्या दुचाकींपैकी एक झाली. मागे बसणारा माणूस संपला नव्हता, तो दुसऱ्या गाडीवर गेला. २००९ च्या डिसेंबरात बजाजने स्कूटरमधून बाहेर पडण्याचे जाहीर केले. केवळ मोटरसायकलींवर लक्ष एकवटण्याचा तो निर्णय धाडसी म्हणून वाखाणला गेला. मला तो तेव्हाही पटला नाही. शिवाय मागे बसणाऱ्यांपैकी अनेक जणी स्वतःच हँडलवर आल्या. नगरच्या फिरोदियांच्या लूनाने १९७२ पासून आणि कायनेटिक होंडाच्या बटण-स्टार्टने १९८४ पासून ही वाट मोकळी केली होती. ज्या घराण्याने मागच्या सीटला दुय्यम मानले, त्याने हे सगळे गिऱ्हाईक एकदम गमावले.

दुसरा आक्षेप अभियंत्यांचा, आणि तो अधिक गंभीर आहे. मागचे वजन चाकाच्या आसाकडे सरकले की पुढचे चाक हलके होते, गाडी वळणावर सैल वाटते, म्हणून सीट आखूड आणि उंच करून वजन पुढे घ्यावे लागते. भौतिकशास्त्र निर्विवाद आहे, निष्कर्ष मात्र एकमेव नाही. दोन चाकांमधले अंतर थोडे वाढवून आणि शॉकअब त्यानुसार बसवूनही हा प्रश्न सुटतो. पुरावा याच कंपनीकडे आहे. बजाजचा बॉक्सर आफ्रिकेत युगांडा-केनियाच्या रस्त्यांवर टॅक्सी म्हणून धावतो, आणि तिथे लांब सीट हेच त्याचे भांडवल आहे. जुलै २०२४ मध्ये पुण्यात सादर झालेल्या फ्रीडम १२५ मध्ये दोन किलो सीएनजीचा सिलिंडर सीटखाली आडवा बसवावा लागला. त्या गरजेपोटी ७८५ मिलिमीटरची सीट मिळाली आणि कंपनीनेच ती जाहिरातीत मिरवली. चाकणमध्ये बनणारी, २०२३ साली आलेली ट्रायम्फ स्पीड ४०० देखील एकसंध सीट घेऊन आली आणि तिच्या चपळाईबद्दल कोणी तक्रार केली नाही. तंत्र अडवत नाही, तर अडते कुठे? आरेखकाच्या टेबलावर मागच्या माणसाचा प्रश्न पहिल्या दिवशी येतो की शेवटच्या, तिथे.

आणि हा प्रश्न नवरा-बायकोपुरता नाही. भोसरी, तळवडे, म्हाळुंगे, चाकण या भागात पाळी सुटताना रस्त्यावर पाहावे. एका खोलीत राहणारे, एकाच पाळीत असणारे, पेट्रोलचा खर्च वाटून घेणारे दोन कंत्राटी कामगार एका गाडीवर असतात, मागच्याच्या पाठीवर सॅक असते. ज्या गाड्या ते जोडतात, त्यांतल्या अनेकींवर हा प्रवास धड करता येत नाही. त्यात २०२५ साली राज्याने विजेवरच्या बाइक टॅक्सीचे धोरण मंजूर केले. म्हणजे मागे आता पैसे मोजणारी अनोळखी व्यक्ती बसणार. तिला पुढच्याच्या पाठीवर रेलावे लागेल अशी उतरती सीट चालणार नाही.

आकुर्डीत २०२२ च्या जूनपासून विजेवरची चेतक बनते. डिसेंबर २०२४ च्या आवृत्तीत बॅटरी पायाखालच्या फळीत नेली, त्यामुळे सीटखाली ३५ लिटरची जागा मोकळी झाली आणि सीटही आधीपेक्षा लांब झाली. इंजिन, टाकी, सायलेन्सर यांची अडचणच उरली नसेल, तेव्हा विजेवरची मोटरसायकल आखणाऱ्यांना तर सीट हवी तिथे, हवी तेवढी ठेवता येईल. १२३ व्या मूळ नियमात सीटच्या लांबी-उंचीविषयी शब्द नाही. तो घालण्याची मागणी ग्राहक संघटनांनी आणि कामगार संघटनांनी आताच करावी, कारण एकदा साचे पडले की पुढची दहा वर्षे तीच शेपटी चाकणच्या रस्त्यांवर दिसत राहील.